नातीचा वाढदिवस : सोळा की सतरा?

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या साठीच्या पुढच्या माणसाला जन्मतारीख विचारा. पुष्कळदा उत्तर येईल, '१ जून'. एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली, असे परक्याला वाटेल. आम्हाला वाटत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला बाप लेकराचा हात धरून यायचा आणि गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "पूर आला होता बघा, त्या सालचा." गुरुजी लेकराकडे नीट पाहायचे, डोक्यावरून उजवा हात घेऊन डावा कान धरायला लावायचे आणि वय बसेल असे साल काढून पुढे १ जून लिहायचे. मीही त्यातलीच. कागदोपत्री १ जून १९५७. आई मात्र सांगायची, "ज्वारी हुरड्यात आली होती तवा तू झालीस." म्हणजे पौषाच्या आगेमागे. जूनमध्ये आमच्याकडे ज्वारी नव्हे, नुसती ढेकळे असतात.

पुढे १९७९ साली मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या त्या शाळेचे जुने हजेरीपट पाहिले. पानामागून पान १ जून. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला खरा, पण तो वाडीवस्तीवरच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली. याची आणखी एक गंमत पाहा. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला आपल्याकडे निरोपसमारंभांची रांग लागते. मीही २०१५ साली त्याच दिवशी नारळ आणि शाल घेऊन घरी आले.

माझ्या वडिलांचे प्रकरण याहून अवघड. त्यांच्या दाखल्यावर उर्दूत लिहिले होते, १३४१ फसली, महिना बहमन. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली. ते आजूर महिन्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, जानेवारी उलटल्यावर ५९१. या हिशेबाने वडील १९३१च्या डिसेंबरातले, फार तर १९३२च्या जानेवारीतले. त्यांचा वाढदिवस कोणी केल्याचे मला आठवत नाही. माझाही कोणी केला नाही. मुलाचा मात्र आम्ही केला. पाट, पाटाभोवती रांगोळी, सकाळी तेल लावून अंघोळ, कणकेचे पाच दिवे, औक्षण, वाटीभर दुधात तीळ आणि गूळ. संध्याकाळी शेजारची पोरे आणि बेकरीतला केक. अशा रीतीने आमच्या घरात वाढदिवस नावाची गोष्ट शिरली.

आता हे सगळे का सांगते आहे, तर आमच्या नातीपायी.

माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत एडिसनला राहतात. नात तिथेच जन्मली. तारीख १६ सप्टेंबर २०१९, रात्री ९ वाजून ४० मिनिटे. उन्हाळी वेळेत न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. म्हणजे परभणीत तेव्हा १७ सप्टेंबरचे ७ वाजून १० मिनिटे झाले होते. १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. गावात राजगोपालाचारी उद्यानात ध्वजारोहणाची तयारी चालली होती. यजमान इस्त्रीचे कपडे घालून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात फोन आला. त्या दिवशी ते ध्वजारोहणाला गेले, पण झेंड्यापेक्षा शेजारच्यांना बातमी सांगण्यातच त्यांचे लक्ष होते.

बातमी ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "सतरा तारीख. पक्कं झालं."

मी म्हटले, "आई, तिकडे अजून सोळाच आहे."

"तिकडचं तिकडे. माझ्या घरात सतरा वाजले ना?"

सासूबाईंच्या या हट्टामागे कारण होते. त्यांना स्वतःची जन्मतारीख नव्हती, शाळाच नव्हती तर कुठून असणार? त्या आपले वय रझाकारांच्या सालापासून मोजायच्या. १९४८ साली त्या तेरा वर्षांच्या होत्या असे घरातले म्हणत. जिंतूरकडच्या त्यांच्या खेड्यातून रझाकारांच्या भीतीने बरीच माणसे रात्रीतून निघाली आणि हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. तसे तेव्हा सरहद्दीवरच्या कितीतरी गावांत झाले. वाशीमच्या बाजूला कोणाच्या तरी गोठ्यात त्यांनी तो पावसाळा काढला. १३ सप्टेंबरला भारताचे सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंच्या वडिलांनी बैलगाडी जुंपली. घराचे दार तुटलेले होते, कणगी रिकामी होती, पण गाय परत येऊन दारात बसलेली होती. ही गाय त्यांच्या गोष्टीत दरवेळी यायची. त्यांच्या लेखी वाढदिवस म्हणजे तोच. आणि त्यांची पहिली पणती नेमकी त्या दिवशी आली!

आता आमच्यातल्या काही नातेवाइकांनी दुसराच मुद्दा काढला. मुलीची तिथी पडते भाद्रपद वद्य तृतीया. म्हणजे पितरपाठ. या पंधरवड्यात नवे कपडे नाहीत, सोने नाही, मंगलकार्य नाही, मग हिचा तिथीने वाढदिवस जन्मभर कसा करणार? एका बाईंनी तर सुस्कारा सोडला. सासूबाईंनी तो लगेच परतवला. "पितर येण्याच्या दिवसात आली म्हणजे आपल्यातलंच कोणी तरी आलं. त्यात रडायचं काय?" विषय तिथेच संपला.

तिथीचा हिशेब मला आवडतो, म्हणून जरा थांबून सांगते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी. ती सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते. परभणीला वेगळी आणि एडिसनला वेगळी असे नसते. पण आपण दिवसाला नाव देतो ते सूर्योदयाच्या वेळी असलेल्या तिथीवरून, आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. म्हणून परदेशातल्या आपल्या लोकांचा उपास कधी कधी इथल्यापेक्षा एक दिवस आधी येतो. शिवाय तिथी तारखेच्या मागेपुढे पळते. नातीचीच तिथी २०२० साली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली आणि २०२३ साली अधिक श्रावणामुळे थेट ऑक्टोबर उजाडल्यावर. दर एकोणीस वर्षांनी मात्र तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. आपापल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला पंचांग काढून पाहा.

तर नातीचे वाढदिवस झाले तीन : तिकडची सोळा, इकडची सतरा आणि तिथी. चौथा असतो जवळचा शनिवार, कारण परदेशात वाढदिवस करायचा तो सुट्टीच्या दिवशी. सगळे नोकरीवाले, मधल्या वारी कोण येणार?

पहिला वाढदिवस आला तो २०२०च्या सप्टेंबरात. करोनाचे दिवस. आपल्याकडची आंतरराष्ट्रीय नियमित विमाने मार्चपासून बंद होती, ती पुढे २७ मार्च २०२२ला सुरू झाली. आम्ही तिकिटे काढून ठेवली होती, ती तशीच राहिली. वेळ मुलानेच ठरवली. त्यांच्याकडे सोळाच्या रात्री ९-४० म्हणजे आमच्याकडे सतराची सकाळ ७-१०. क्षण एकच, मग भांडण कशाला? तेव्हापासून दरवर्षी फोन त्याच मिनिटाला. त्या वर्षी पोर झोपेने पेंगुळलेली, सुनेने घरी केलेला वाटीएवढा केक आणि खोलीत तिघेच. इकडे मी निरांजन लावून तबक सासूबाईंच्या हातात दिले. फोन यजमानांनी उभा धरला होता. सासूबाईंनी तबक खाली ठेवले.

"काचेला ओवाळत नसतात," त्या म्हणाल्या. "लेकराच्या तोंडाला ज्योतीची ऊब लागावी लागते. येईल तेव्हा ओवाळीन."

मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला. तिकडे सून डोळे पुसत होती. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. पणती झाल्याचे कळल्यावर त्यांनी आमच्या सराफ्यातून सोन्याची अकरा फुले करवून आणली होती, तांदळाएवढी. पणतू झाला की पणजीच्या मांडीवर त्याला बसवून तिच्यावर सोन्याची फुले उधळतात. आमच्याकडे ते मुलाच्या पोटी मुलगा झाला तरच करतात, असेही कोणी तरी सुचवून पाहिले होते. "पणती काय पितळेची आहे?" एवढेच त्या म्हणाल्या. फुले डबीत घालून देवघरात ठेवली.

दुसऱ्या लाटेत, २०२१च्या मे महिन्यात सासूबाई गेल्या.

मुलगा येऊ शकला नाही. विमानाचे एक वेळ जमले असते. पण त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. तिथे राहून नोकरी करायला त्याची अडचण नव्हती. एकदा बाहेर पडला की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परतता येत नव्हते, आणि शिक्का देणारी वकिलात त्या महिन्यात भारतातल्या नेहमीच्या मुलाखती थांबवून बसली होती. म्हणजे आजीच्या दहाव्याला यायचे तर नोकरी आणि दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी किती महिने तिकडे सोडायची, याला उत्तर नाही. घरात तेवढी एक पोरगीच त्या देशाची नागरिक, कारण ती तिथे जन्मली. आईबाप अजून रांगेत. ग्रीन कार्डे वाटताना कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा तिथला कायदा आहे. अर्जदार भारतातून जितके, तितकी रांग लांब. नातेवाईक विचारतात, "एवढी वर्षं झाली, एकदा आला का नाही?" या प्रश्नाचे उत्तर बैठकीत चहाच्या कपासोबत देण्यासारखे नसते. मी देतही नाही.

आमचा व्हिसा झाला २०२३ साली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत मुलाखतीच्या तारखेसाठी दोन-दोन वर्षे थांबावे लागत होते, त्या मानाने लवकरच म्हणायचे. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, मुंबईहून नेवार्क. नातीचा चौथा वाढदिवस. गंमत म्हणजे त्या वर्षी १६ सप्टेंबरला शनिवारच होता, त्यामुळे चारांतला एक वाढदिवस वाचला. आणि १७ला मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. परभणीत काय काय असेल, या विचाराने यजमान थोडे बेचैन.

तिथल्या समारंभाची रीत पाहण्यासारखी. आमंत्रणावर सुरू होण्याची वेळ असते तशी संपण्याचीही. अकरा ते एक. येणार की नाही ते आधी कळवायचे, आणि कळवतातही. किती मुले येणार ते आठ दिवस आधी माहीत. आपल्याकडे 'सहकुटुंब सहपरिवार' लिहून वर दहा ताटे जास्तीची धरावी लागतात, तसे काही नाही. भेटी पाहुण्यांसमोर फोडायच्या नाहीत. जाताना प्रत्येक मुलाच्या हातात खाऊची पिशवी. पुढे आठवडाभर आभाराच्या चिठ्ठ्या. हॉलमध्ये हवा भरलेला मोठा रबरी किल्ला होता, त्यावर पोरे उड्या मारत होती. मग कागदाचा एक गाढव टांगला आणि काठीने फोडला. आतून गोळ्या सांडल्या. ही मेक्सिकोकडची तऱ्हा. मला आपली गोपाळकाल्याची हंडी आठवली. नातीच्या बरोबरीची मुले तेलुगू, गुजराती, कोरियन आणि एक पोलिश. आयांची आपसात ओळख बेताचीच, पण कोणाच्या मुलाला काय खाऊन त्रास होतो हे प्रत्येकीला पाठ. शेंगदाणा तर तिच्या बालवाडीत नेण्याची सक्त मनाई. घरी केलेला पदार्थही वर्गात वाटता येत नाही. मी परभणीहून नेलेले शेंगदाण्याचे लाडू आमच्या आमच्यातच संपवले.

केक कापताना ते प्रसिद्ध गाणे झालेच. परभणीतही तेच गातात, म्हणून मला परके वाटले नाही. त्या चालीचा इतिहास मात्र मला तिथेच कळला आणि मी शिक्षिका असल्यामुळे फार आवडला. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी पॅटी हिल नावाच्या बाई बालवाडी चालवीत. त्यांची बहीण मिल्ड्रेड संगीत जाणणारी. दोघींनी मुलांना सकाळी वर्गात म्हणायला एक सोपे नमस्काराचे गाणे केले, ते १८९३ साली छापले गेले. त्याच चालीवर पुढे वाढदिवसाचे शब्द बसले. नंतर एका संगीत कंपनीने त्यावर मालकी सांगितली आणि सिनेमात वापरायचे तर पैसे घेतले. २०१५ साली तिथल्या कोर्टाने तो हक्क अमान्य केला. कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि २०१६पासून गाणे सगळ्यांचे झाले. बालवाडीच्या बाईंनी केलेली चाल सगळ्या जगाने उचलावी, हे मला जास्त मोलाचे वाटते.

मेणबत्त्या विझवण्यावरून आपल्याकडे दरवर्षी कोणी तरी लेख लिहिते. मी लिहिणार नाही. केकावर मेणबत्त्या लावण्याची पद्धत जर्मनीत अठराव्या शतकापासून आहे, ती त्यांनी फुंकाव्यात. आम्ही आमचे दिवे रात्री लावले.

रात्री ९-४०. पाहुणे केव्हाच गेले होते. सुनेने पाट मांडला. कणकेचे दिवे करताना नात माझ्या शेजारी बसून स्वतःचा एक वाकडा दिवा करत होती. छतावरचे धुराचे यंत्र ओरडू नये म्हणून मुलगा खिडकी उघडून पंख्याशी उभा. मी ओवाळले. सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता. तिने ज्योतीकडे पाहून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आजी, गरम लागतं." मुलगा एकदम आत निघून गेला. त्याला आजीचे वाक्य आठवले असणार, मलाही आठवले होते. दुसऱ्या दिवशी यजमानांनी गॅलरीत हातभर तिरंगा लावला, तेव्हा नातीने विचारले, "आबा, हा पण माझ्या बर्थडेचा का?" त्यांनी हो म्हणून सांगितले. आता शाळेत गेल्यावर तिला खरा इतिहास कोणी शिकवणार नाही, तो घरच्यांनाच सांगावा लागेल. मराठी अक्षरांचे तसे नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ, जे तिकडे १९८१ साली स्थापन झाले, त्याच्या आधाराने ठिकठिकाणी सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२चे. पण गोठा, कणगी आणि गाय कुठल्या पुस्तकात असणार?

मुलगा, सून आणि नात परभणीला आले ते २०२४च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत. नातीने पहिल्यांदा हे घर पाहिले तेव्हा ती पाच वर्षांची होऊन तीन महिने झाले होते. मुलाचा पासपोर्ट शिक्क्यासाठी मुंबईच्या वकिलातीत होता आणि तो दिवसातून चार वेळा फोन बघत होता. दिवस मोजून सोळा. तेवढ्यात काय काय बसवायचे? पाचही वाढदिवस इथे बाकी, बोरन्हाण बाकी. बोरन्हाण संक्रांतीनंतर करतात, आणि तेही पाच वर्षांच्या आत. संक्रांतीला तर ती परत शाळेत असणार. मी कोणाला विचारले नाही. एका रविवारी शेतातच सगळे केले. काळे झबले नाही तर काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. गल्लीतली आणि शेतावरची मिळून वीस-बावीस पोरे. ती बोरे वेचायला तुटून पडली तेव्हा नात आधी घाबरली, मग स्वतःच्याच डोक्यावरची बोरे वेचायला त्यांच्यात घुसली.

ज्वारी हुरड्यात होती. आमच्याकडे कृषी विद्यापीठ असल्यामुळे शेतात परभणी मोती वगैरे असते, पण हुरड्यासाठी एक तास गूळभेंडीचा ठेवलेलाच असतो. आगटी पेटली, कणसे भाजली, हातावर चोळून नातीच्या ओंजळीत गरम दाणे घातले. सोबत शेंगदाण्याची चटणी. इथे कोणाची मनाई नव्हती.

खाता खाता यजमान बोलून गेले की आजी अशाच हुरड्याच्या दिवसांत झाली. नातीने विचारले, "मग आज आजीचा बर्थडे?" मी सांगायला गेले, की कागदावर १ जून आहे, गुरुजींनी लिहिलेला. पण तिने तोवर इतर पोरांना गोळा केले होते. बालवाडीच्या बाईंचे ते गाणे आमच्या शेतात, आगटीभोवती, अर्धे इंग्रजीत आणि अर्धे कसेबसे झाले. अडुसष्टाव्या वर्षात मला पहिल्यांदाच कोणी वाढदिवसाला गायले.

निघायच्या आदल्या रात्री मी देवघरातून ती डबी काढली. सोन्याचा भाव तेव्हापासून दुपटीवर गेला होता, म्हणून सून म्हणाली, "इथेच राहू द्या, आई. तिकडे नेऊन ठेवायची कुठे?" उधळायला आता पणजी नव्हती. नातीने फुले तळहातावर घेऊन मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली. मग एकेक उचलून परत डबीत टाकली आणि झाकण माझ्याकडून घट्ट लावून घेतले.